चिठ्ठी लिहिण्याआधी घोट्यावर बोट टेकवा

प्रति,
राज्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागांत काम करणारे वैद्यकीय अधिकारी, तसेच तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

मी गेली बावीस वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करतो. पाय मुरगळलेल्या माणसाची जी चिठ्ठी माझ्या खिडकीत येते, तिच्यावर बहुतेक वेळा ‘एक्स-रे अँकल’, म्हणजे घोट्याचा एक्स-रे, एवढेच लिहिलेले असते आणि त्यापुढे उजवा की डावा. कधी कधी उजवा-डावाही मलाच रुग्णाला विचारून घ्यावा लागतो. या पत्राद्वारे माझी आपल्याला एकच विनंती आहे. ही चिठ्ठी लिहिण्याआधी त्या पायावर स्वतःचे बोट टेकवून हाड दाबून पाहावे, रुग्णाला चार पावले चालवून पाहावे आणि जे आढळले ते चिठ्ठीवर एका ओळीत लिहावे. आपल्याला शिकवण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. तपासणे आपले काम आणि प्लेट काढणे माझे, हे मी जाणतो. (आता सगळे संगणकावर दिसते, तरी रुग्ण अजून ‘प्लेट’ किंवा ‘फोटो’च म्हणतात, आणि आमच्याही तोंडी तेच शब्द राहिले आहेत.) परंतु कोणती प्लेट कामाची ठरते आणि कोणती नाही, हे ज्या खोलीतून दिसते त्या खोलीत मी आयुष्याचा मोठा भाग घालवला आहे, म्हणून लिहितो.

भातलावणीच्या दिवसांतली एक दुपार सांगतो. घाटमाथ्याजवळच्या एका वाडीतून पस्तीस-चाळीस वर्षांची एक बाई आली होती. बांधावरून चप्पल घसरून पाय आत वळला होता. पायाला अजून चिखल लागलेला, बाहेरच्या घोट्यापुढे लिंबाएवढी सूज आणि तिच्यावर आंबेहळदीचा वाळून तडकलेला लेप. गावाजवळच्या दवाखान्यात सूज पाहून चिठ्ठी लिहिली गेली होती. तिथून वडापने तालुक्याला, मग केस पेपरची रांग, मग माझ्या दाराबाहेरचा बाक. नाव पुकारल्यावर ती बाकावरून उठली आणि लंगडत का होईना, स्वतःच्या पायांनी टेबलापर्यंत चालत आली. पाय टेबलावर नीट बसवताना घोट्याची हाडे माझ्या हाताखाली येतात. मागच्या कडेला हात लागला तेव्हा तिने काहीच केले नाही. पुढच्या मऊ भागाला लागला तेव्हा मात्र दचकून पाय मागे घेतला. प्लेट स्वच्छ निघाली. सोबतची जाऊ म्हणाली, “काय न्हाई म्हंत्यात, मग येवढ्या लांब कशाला धाडलं?” लावणीच्या दिवसांत दोघींची मजुरी बुडाली होती. माझ्याजवळ तिला द्यायला उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राजवळ मात्र तेव्हाही होते, आणि आपण ते शिकलेले आहात. कॅनडातील ऑटावा शहरात डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दोन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील ७५० प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोटा दुखावून आलेल्या प्रत्येकाच्या तपासणीत ३२ बाबी नोंदवून, त्यांतल्या नेमक्या कोणत्या बाबी फ्रॅक्चर वेगळे काढतात हे त्यांनी शोधले. त्यातून जे नियम निघाले, ते ‘ऑटावा अँकल रूल्स’ म्हणून जगभर ओळखले जातात. पहिल्या मसुद्यात पंचावन्न किंवा अधिक वय हाही एक निकष होता. पुढच्या वर्षी नव्या रुग्णांवर नियम पारखताना तो गाळला गेला. एखाद्या नियमावर विश्वास ठेवावासा वाटतो तो अशा वेळी, कारण ज्यांनी तो बनवला त्यांनीच तो पुन्हा तपासून दुरुस्त केलेला असतो.

नियम आपणांस पाठ असतील, तरी ते ज्या तपशिलावर उभे आहेत तो गर्दीच्या ओपीडीत निसटतो, म्हणून तेवढ्यापुरता थांबतो. घोट्याच्या भागात दुखत असेल आणि बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, तर घोट्याचा एक्स-रे काढावा. ही मागची कडा टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत दाबायची असते. आपली तीन बोटे आडवी ठेवली तर त्याहून थोडी जास्त लांबी. मागचीच कडा का, याला कारण आहे. पाय आत वळतो तेव्हा ताणले जाते किंवा तुटते ते बहुधा बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध, त्यामुळे पुढून दाबले तर साध्या मुरगळण्यातही माणूस ओरडतोच. मागची कडा त्या मानाने मोकळी असते. तिथे दुखले तर संशय हाडाचाच घ्यावा लागतो. त्या बाईच्या सुजेने दवाखान्यात जे सुचवले ते मागच्या कडेवर टेकवलेल्या बोटाने तिथल्या तिथे खोडून काढले असते. सूज हा या नियमांतला निकषच नाही.

दुसरी खूण चालण्याची. दुखापत झाली त्या क्षणी आणि आपल्यासमोर, अशा दोन्ही वेळी रुग्णाला चार पावले टाकता आली नाहीत, तरीही एक्स-रे काढावा. लंगडले तरी ते पाऊल मोजायचे. दोन्ही पायांवर दोन-दोनदा भार पडला की चार पावले झाली. पाऊलाच्या मधल्या भागात दुखत असेल, तर करंगळीच्या मागे जाणाऱ्या लांब हाडाचा बुंधा, म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचा बेस, आणि आतल्या बाजूचे नॅव्हिक्युलर हाड दाबून पाहायचे. तिथे दुखले किंवा चालता आले नाही, तर पाऊलाचा एक्स-रे काढायचा. या सगळ्याला मला घड्याळ लावून दीड-दोन मिनिटे लागतात. आपला सरावाचा हात त्याहून कमी वेळ घेईल.

आपल्याकडे रुग्ण आणि नातेवाईक दोन समजुती घेऊन येतात आणि त्यांचा उलगडा याच तपासणीने होतो. एक, ‘हाड मोडले असते तर चालता आले असते का?’ आणि दुसरी, ‘बोटे हलतात म्हणजे फ्रॅक्चर नाही.’ बोटे हलवणारे स्नायू पोटरीत आणि पाऊलात असतात. घोट्याचे हाड मोडलेले असतानाही बोटे व्यवस्थित हलतात. चालण्याचेही तसेच. कष्टाची सवय असलेली माणसे मोडक्या पायाने गुरांमागे फिरतात, डोक्यावरचा भारा घरी पोहोचवतात आणि मग येतात. म्हणून नुसते ‘चालत आला’ एवढ्यावर एक्स-रे नाकारणेही या नियमांत बसत नाही. हाडावर बोट ठेवले आणि दुखले, तर चालणाऱ्यालाही माझ्याकडे पाठवलेच पाहिजे.

हे नियम कितपत भरवशाचे आहेत, असे आपण विचाराल. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००३ साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील १५,५८१ रुग्णांपैकी ज्यांचे फ्रॅक्चर या नियमांनी हुकवले असे ४७ निघाले. घोटा दुखावून येणाऱ्यांत फ्रॅक्चर असणारे १५ टक्क्यांहूनही कमी असतात आणि नियम पाळल्यास एक्स-रे ३० ते ४० टक्क्यांनी कमी होऊ शकतात, असेही त्यात मांडले आहे. ऑटावातच १९९४ साली प्रत्यक्ष अंमलबजावणीचा अभ्यास झाला, त्यात घोट्याचे एक्स-रे २८ टक्क्यांनी घटले. एक्स-रेशिवाय घरी गेलेल्यांचा रुग्णालयातला वेळ सरासरी ८० मिनिटे होता, तर एक्स-रे काढलेल्यांचा ११६ मिनिटे. आणि समाधान दोन्हीकडे जवळपास सारखेच. ‘एक्स-रे लिहिला नाही तर पेशंट नाराज होतो’ असे आपल्यापैकी अनेकांकडून मी ऐकले आहे, म्हणून हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णाला हवे असते ते आपल्या दुखण्याकडे कोणीतरी नीट पाहणे. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, दाबून पाहिला, चालवून पाहिले आणि सांगितले की हाड शाबूत आहे, तर वाडीवरची माणसेही ते मानतात. पायाला हातही न लावता ‘फोटोची गरज नाही’ म्हटले, तर का मानावे?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण क्ष-किरणांचे नाव निघाले की लोक किरणोत्सर्गाकडे वळतात. घोट्याच्या एका एक्स-रेमधून मिळणारा डोस अत्यंत कमी असतो. सुमारे एक सहस्रांश मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला काही तासांत आपोआप मिळतो तेवढा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याने चालणाऱ्या खोलीत, नीट बांधलेल्या भिंतींआड ही तपासणी होते. कुणाला भीती दाखवून एक्स-रे कमी करावेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी काळजी माणसाच्या दिवसाची आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण वडापचे भाडे, बुडालेली मजुरी आणि मागे घरी ठेवलेले तान्हे मूल यांची किंमत कोणत्याही शासन निर्णयाने माफ होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा एक्स-रे यंत्र नसते, तेव्हा आपली एक ओळीची चिठ्ठी म्हणजे त्या माणसासाठी पुरा एक दिवस असतो. आणि माझ्या बाकावर गरजेपेक्षा जास्त माणसे बसली की, खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी स्ट्रेचरवर वाट पाहत राहते.

आता दुसरी बाजू, आणि हे पत्र लिहायला मी खरा बसलो तो तिच्यामुळे. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा कबड्डी खेळताना पाय अडकून पडला. पाऊल जमिनीत रुतले आणि अंग फिरले. चिठ्ठीवर तेच: ‘एक्स-रे अँकल, एपी-लॅटरल’, म्हणजे एक प्लेट समोरून आणि एक बाजूने. मी तेवढेच काढले. घोट्यापाशी कुठेही तडा दिसत नव्हता. आतल्या बाजूला, आतला घोटा आणि टॅलस (दोन्ही घोट्यांच्या मध्ये बसणारे पाऊलाचे हाड) यांच्यामधली फट मला जरा जास्त वाटली. वाटली, पण मी ती मोजली नाही आणि बोललोही नाही. क्रेप बँडेज बांधून त्याला घरी पाठवण्यात आले. सव्वा महिन्याने तो पुन्हा आला तेव्हाही त्याला धड पाय टेकता येत नव्हता. या वेळच्या डॉक्टरांनी पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली आणि गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला दाबले, तर मुलगा कळवळला. फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचे बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, वर गुडघ्याजवळ मोडलेली होती आणि खाली दोन हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध तुटले होते. हे मेझोनेव्ह फ्रॅक्चर. फ्रेंच शल्यचिकित्सक मेझोनेव्ह यांनी १८४० मध्येच त्याचे वर्णन करून ठेवले आहे. शहरात शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसले. त्या वर्षीची भरती त्याच्या हातून गेली. वडिलांनी मला विचारले, “साहेब, पहिल्या दिवशी फोटो काढला होता की हो?” काढला होता. जिथे मोडले होते, तिथला काढला नव्हता.

त्या मुलाच्या बाबतीत एक्स-रे लिहिण्याचा निर्णय अगदी बरोबर होता. चुकले ते एवढेच की बोट घोट्यापाशी थांबले, किंवा कदाचित तिथवरही पोहोचले नाही, म्हणून प्लेटही तिथेच थांबली. यंत्र बोट ठेवाल तेवढाच भाग दाखवते. मी बोलायला हवे होते, ही माझी चूक मी बाजूला ठेवत नाही; त्या दिवसापासून आतली फट ४ मिलिमीटरहून जास्त दिसली की मी प्लेट हातात घेऊन डॉक्टरांच्या खोलीत जातो. पण चिठ्ठीवर ‘आतून दुखते, बाहेर हाड दुखत नाही, गुडघ्याखाली दाबल्यावर दुखते’ एवढे जरी लिहिलेले असते, तरी पूर्ण नडगीची प्लेट पहिल्याच दिवशी निघाली असती.

म्हणूनच चिठ्ठीतल्या त्या एका ओळीसाठी मी हट्ट धरतो आहे. दुखण्याची जागा कळली तर माझे काम बदलते. ‘एपी-लॅटरल’ लिहून आले तरी घोट्यासाठी तिसरी, मॉर्टिस प्लेट लागते. पाऊल पंधरा-वीस अंश आत वळवून ती घेतली की टॅलसभोवतीची फट सगळीकडे सारखी आहे की नाही ते दिसते, आणि समोरून घेतलेल्या प्लेटमध्ये हाडांवर हाडे येऊन जे झाकले जाते ते उघडे पडते. बाजूची प्लेट घेताना पाचव्या मेटाटार्सलचा बुंधा तिच्यात आलाच पाहिजे; घोटा म्हणून आलेले कितीतरी पाय खरे तर तिथे मोडलेले असतात. बाहेरचे हाड सांध्याच्या पातळीवर मोडलेले असेल, तर सांधा स्थिर आहे का हे पाहायला उभे राहून, पायावर भार देऊन घेतलेली प्लेट लागू शकते. हे सगळे मी स्वतःहून करू शकतो, पण कुठे शोधायचे ते आपल्या बोटाला आधी कळलेले असते.

नियम कुठे लागू करू नयेत, हेही आपल्याला माहीत आहे. तरी ज्या दोन गोष्टी मी वारंवार पाहतो त्या लिहितो. जुना मधुमेह असलेल्या आणि पायाची संवेदना गेलेल्या माणसाचे ‘दाबल्यावर दुखत नाही’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. असे रुग्ण सुजलेल्या, गरम पायाने हसत चालत येतात आणि आत हाडांचा चुरा झालेला असतो. दारू प्यालेला, डोक्याला मार लागलेला किंवा दुसरीकडे मोठी जखम असलेला माणूसही याच यादीत येतो. मूळ अभ्यास प्रौढांचा होता. पाच वर्षांवरील मुलांतही हे नियम पुढे चांगले उतरले, परंतु हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या चकतीला इजा झालेली असताना मुलाची प्लेट स्वच्छ दिसू शकते, तेव्हा मुलांच्या बाबतीत प्लेटपेक्षा आपल्या बोटावरच अधिक विश्वास ठेवावा. मारामारीचे प्रकरण असेल, तर गोष्ट वेगळी. हाड मोडणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ ठरते, भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तशी व्याख्या आहे, आणि दाखला देण्यासाठी एक्स-रे लागतो. तिथे मी एका शब्दाने हरकत घेणार नाही.

तक्रारीची भीती मी समजू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली तेव्हापासून ‘प्लेट काढून ठेवलेली बरी’ ही वृत्ती वाढत गेली, आणि माझ्या बावीस वर्षांत ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण त्या मुलाच्या केस पेपरवर प्लेट होती आणि तपासणी नव्हती. ‘दोन्ही घोट्यांच्या मागच्या कडा, मेटाटार्सल, नॅव्हिक्युलर, फिब्युला वरपर्यंत, कुठेही हाड दुखत नाही, चार पावले चालला, दुखणे न उतरल्यास पाच ते सात दिवसांनी बोलावले’ अशी नोंद असलेला केस पेपर मला त्या स्वच्छ प्लेटपेक्षा कितीतरी भक्कम वाटतो.

त्या नोंदीतले शेवटचे वाक्य रुग्णाला तोंडी सांगणेही तितकेच गरजेचे आहे. प्लेटमध्ये लिगामेंट दिसत नाहीत. ‘फ्रॅक्चर नाही’ हे शब्द घरी पोहोचेपर्यंत ‘काही झाले नाही’ होतात, आणि मग तोच पाय दुसऱ्या दिवशी चिखलात उतरतो किंवा तेल लावून जोरजोराने चोळला जातो. पहिले दोन-तीन दिवस पाय उंच ठेवावा, दाबपट्टी बांधावी, चोळू नये, सहन होईल तसा भार द्यावा, नंतर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा आणि आठवड्याने चालणे सुधारले नसेल तर परत यावे, हे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते. मी जमेल तेवढे सांगितले. ते आपल्या तोंडून गेले असते तर तिने जास्त मानले असते.

माझ्या बाजूने एवढे वचन देतो. ज्या चिठ्ठीवर ‘उजवा घोटा, बाहेरच्या हाडाची मागची कडा दुखते, चार पावले टाकता येत नाहीत, गुडघ्याखाली दुखत नाही’ अशी ओळ असेल, त्या रुग्णाच्या तीनही प्लेट नीट बसवून काढीन, पाचव्या मेटाटार्सलचा बुंधा सोडणार नाही आणि काही वेगळे वाटले तर प्लेट घेऊन स्वतः आपल्याकडे येईन. ज्या चिठ्ठीवर ही ओळ नसेल, तिचा रुग्ण मी परत पाठवणार नाही, त्याला बाकावर बसवून आपल्याला फोन करीन आणि विचारीन, “डॉक्टरसाहेब, बोट कुठे ठेवल्यावर दुखले?”

आपला नम्र,
एक क्ष-किरण तंत्रज्ञ